परकं गिऱ्हाईक पाहिजे

आम्ही तिघी भेटलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. तिघी म्हणजे मी, मनीषा आणि नसरीन. घरोघरी पार्ट्या करून हवाबंद डबे विकायचा धंदा आम्ही एकाच दिवशी सुरू केला. डबे किती खपले ते कृपा करून विचारू नका. न खपलेल्या प्रत्येक डब्यामागे एक किस्सा धरलात, तरी ऐकायला तुम्हाला सुट्टी काढून बसावं लागेल!

धंद्याची पद्धत सोपी. एखादीनं आपल्या घरी दहा-बारा बायका जमवायच्या, आम्ही टेबलावर डबे मांडून त्यांच्या करामती दाखवायच्या, मग चहा-फराळ, आणि मग बायकांनी भराभर ऑर्डरी द्यायच्या. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं अगदी वेळेवर व्हायचं.

ट्रेनिंग पुण्याच्या मॅडम मोबाइलवरून द्यायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लेडीज, ओळखीच्या शंभर जणींची लिस्ट करा!"

मी अर्ध्या तासात एकशे बारा नावं लिहिली. मॅडम जाम खूश. म्हणाल्या, "सुपर! आता त्यातल्या नात्यातल्या कट करा."

उरल्या तीन. एक दातांची डॉक्टर, एक गॅस एजन्सीतली मुलगी आणि तिसऱ्या खुद्द मॅडम!

पण नियम नियम होता. तीन महिन्यांत सहा पार्ट्या. पाच कुठंही करा, सहावी मात्र परक्या घरी, आणि त्या घरच्या बाईनं खरेदी केलीच पाहिजे. नाहीतर डबे, टेबलक्लॉथ, माहितीची पुस्तकं असं सगळं किट कंपनीला परत.

मला ते किट परत द्यायचं नव्हतं. मुलगी झाली तेव्हा बालवाडीतली नोकरी सोडली, त्याला बारा वर्षं झाली होती. नात्यातल्या बायका डबा घ्यायच्या, नाही असं नाही. पण घेताना 'बिचारी काहीतरी धडपडत्येय' असं तोंड करायच्या. ते तोंड बघितलं की मला रडू यायचं, खरंच सांगते. वस्तू आवडली म्हणून घेणारी परकी बाई मला हवी होती. एकच पुरे!

*

पहिली पार्टी माझ्याच घरी ठेवली. मुहूर्तही चांगला बघितला, संक्रांतीनंतरचा शुक्रवार. ग्रुपवर मेसेज टाकला : 'संध्याकाळी पाच ते सात. सर्वांनी अवश्य यावे.'

चोवीस बायका आल्या! सगळ्या नटूनथटून. काहींनी तर गजरे माळलेले. मी मनीषाला कोपरानं ढोसलं, म्हटलं, बघ, पब्लिक किती सीरियस आहे!

मी स्वयंपाकघरात चहा ओतत होते. तेवढ्यात नसरीन धावत आली. "अगं, त्या वाट्या घेऊन चालल्या!"

"ऑर्डर दिली?"

"नाही गं, पर्समध्ये घालून चालल्या!"

संक्रांतीचे दिवस, पाच ते सातची वेळ आणि टेबलावर ओळीनं मांडलेल्या रंगीत वाट्या. बायकांनी सरळ हळदीकुंकवाचं वाण समजून एकेक उचलली होती. जाताना सासूबाईंना म्हणतही होत्या, "यंदा सुनेनं वाण भारी काढलंन हो!" आता दारात आडवं होऊन कुणाच्या पर्समधून वाण परत काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. कोपऱ्यावरच्या काकू वाटी घेऊन उभ्या. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, एकीला तरी कळलं.

काकू म्हणाल्या, "माझ्या वाटीला झाकण नाही आलं गो. बदलून दे!"

*

त्यातूनही मी एक मोठा डबा वाचवला होता. शेजारच्या वृंदावहिनींना म्हटलं, "आठ दिवस वापरून बघा. आवडला तर ऑर्डर द्या." ही मॅडमची आयडिया.

चौथ्या दिवशी डबा परत आला. पण आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करतात का? वहिनींनी त्यातून घावणे पाठवले. मी डबा घासून किटमध्ये ठेवणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडून आलंय, आपण काहीतरी पाठवायला नको?" आणि त्याच डब्यातून खोबऱ्याच्या वड्या गेल्या.

वड्या संपल्यावर वहिनींनी त्यातून आपल्या नणंदेकडे लोणचं पाठवलं. नणंदेनं समोरच्या घरी पोह्याचे पापड. तीन आठवडे माझा डबा गावभर फिरत होता आणि मी त्याच्या मागावर. जिथं जावं तिथं कळायचं, आत्ताच पुढं गेला.

शेवटी मी वृंदावहिनींना स्पष्टच विचारलं, "वहिनी, तुमचा एक घेऊन टाका ना आता."

वहिनी हसल्या. "कशाला गो? तुझा येतोच की दर आठवड्याला!"

*

नसरीनचा अनुभव याच्या उलट. तिच्या खाला, म्हणजे मावशी, कडक बाई. म्हणाल्या, "हवाबंद ना? मी सुकट भरून ठेवते. वास बाहेर आला, तर डबा परत."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, सुकट म्हणजे वाळवलेली छोटी कोळंबी. तिचा वास एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकतो.

आठ दिवस झाले. स्वयंपाकघरात वासाचा पत्ता नाही. नसरीन हवेत! खालांनी डबा रिकामा केला, परत दिला आणि म्हणाल्या, "डबा एक नंबर आहे. पण मला काय करायचा? बरणी आहे माझ्याकडे."

आमच्या तिघींत किट एकच. नसरीननं तो डबा साबणानं धुतला, लिंबू चोळलं, दोन दिवस उन्हात ठेवला आणि मनीषाकडे पोचवला. सुकटीचं काही बोलली नाही. तिला वाटलं, गेला असेल वास.

मनीषाची पार्टी नेमकी अशा घरी, जिथं कांदासुद्धा वार बघून चिरतात. मनीषानं तोच डबा हातात घेतला आणि पाठ केलेलं वाक्य फेकलं, "यात ठेवलेल्या पदार्थाचा सुगंध महिनाभर जसाच्या तसा राहतो! काकू, तुम्हीच उघडून बघा."

घरच्या वडीलधाऱ्या काकूंनी झाकण उघडलं. नाक जवळ नेलं. शांतपणे झाकण परत लावलं, चारी बाजूंनी दाबलं आणि म्हणाल्या, "खरं आहे हो. अगदी जसाच्या तसा राहिलाय!"

*

अण्णांचा किस्सा पण मनीषाचाच. अण्णा म्हणजे तिच्या मावससासूचे सासरे. वय पंच्याऐंशी. आयुष्य कोर्टात कारकुनी करण्यात गेलेलं, त्यामुळे छापील कागद दिसला की तो शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडायचे नाहीत.

बायका डबे बघत होत्या आणि अण्णा खुर्चीत बसून कंपनीचं पत्रक वाचत होते. मधेच चष्मा वर केला. "आजीवन गॅरंटी लिहिलंय. कोणाच्या जीवनाची? डब्याच्या की माझ्या?"

मनीषा गडबडली. तिनं सरळ मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. मॅडम म्हणाल्या, "सर, कस्टमरच्या लाइफटाइमची! ज्यांच्या नावानं बिल, त्यांच्या लाइफटाइमची!"

"अस्सं," अण्णा म्हणाले. "मग माझ्या नावानं घेण्यात नुकसान आहे. पाळण्यातल्या पणतूच्या नावानं बिल करा. सहा डबे."

सहा डबे! मनीषानं घाईघाईनं पावतीपुस्तक काढलं, तीन महिन्यांच्या बाळाचं नाव लिहिलं आणि विचारलं, "अण्णा, सही कोण करणार?"

"ज्याच्या नावानं बिल, तोच करील," अण्णा म्हणाले. "लिहायला लागला की कळवतो. तोवर डबे तुमच्याकडेच ठेवा!"

*

माझ्या पाच पार्ट्या कशाबशा झाल्या. राहिली सहावी, परक्या घरची. आणि रत्नागिरीत परकी बाई शोधणं म्हणजे काय, ते ज्यानं शोधली त्यालाच माहीत! गाव कुठलं, माहेर कुठलं, अमक्याची कोण, असे तीन प्रश्न झाले की समोरची नात्यात निघते.

शेवटी मिरजोळ्याला एक नवीन बिल्डिंग झाली होती, तिथं गेले. दुसऱ्या मजल्यावर एका दारावर अजिबात न ऐकलेलं आडनाव दिसलं. बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं आणि तोंडभर हसल्या. "या ना, या! बसा!" पंखा लावला, कोकम सरबत आणलं. मी म्हटलं, देव पावला.

मी म्हटलं, "घर किती छान ठेवलंयत!"

त्या म्हणाल्या, "तुमचे केस किती छान आहेत!"

मी म्हटलं, "पावसाळ्यात तुमचे पापड नरम पडतात का हो?"

त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात तुमचे केस गळतात का हो?"

मग त्यांनी सोफ्याखालून बॅग ओढली. त्यात तेलाच्या तीस बाटल्या! त्यांच्याही कंपनीची तीन महिन्यांची मुदत संपत आली होती आणि त्यांनाही परकं गिऱ्हाईक हवं होतं.

नातं नसलं तर एकमेकींचा माल तरी घेता येईल, या शेवटच्या आशेनं मी विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"केळशी."

केळशीची म्हणजे माझ्या आत्याच्या जावेची भाची निघाली ती! तिनं वही काढून नुकतंच लिहिलेलं माझं नाव खोडलं. मी माझ्या वहीतलं तिचं खोडलं. मग दोघी निवांत टेकून बसलो आणि दोन्ही कंपन्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

*

आणि आता शेवटचा. मुदत संपायला चार दिवस होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"त्या डबेवाल्या ताई काय? आमच्याकडं पार्टी करायची हाय. रविवारी या. सतरा बायका असतील."

"नंबर कुणी दिला?"

"दवाखान्यात तुमचा कागद लावलाय ना, त्याच्यावर हाय."

म्हणजे नात्यातून नाही, ओळखीतून नाही! दातांच्या डॉक्टरनं माझं पत्रक भिंतीवर लावलं होतं, त्यावरून. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

रविवारी एसटीनं पालीला उतरले, रिक्षा करून आत गावात गेले. सुनीताताईंच्या पडवीत सतरा बायका सतरंजीवर बसलेल्या. पुरुष बहुतेक मुंबईला. मी जीव ओतून कार्यक्रम केला. डब्यात पाणी भरून उलटा धरला, झाकणावर पाय देऊन उभी राहिले. बायका टक लावून ऐकत होत्या. पुढे बसलेली त्यांची पोरसवदा सून तर वहीत भराभर लिहून घेत होती. मला वाटलं, ऑर्डरी!

कार्यक्रम संपला. टाळ्या पडल्या. डब्याला कुणी हात लावेना. मी वहीत डोकावले. लिहिलं होतं : 'आधी हसायचं. मग पाणी मागायचं. मग घर छान आहे म्हणायचं. किंमत शेवटी.'

सुनीताताई ओशाळल्या. "ताई, रागावू नका. आमचा बचत गट हाय. नाचणीचे पापड करतो. लाटतो झकास, पण परक्या माणसापुढं तोंडच उघडत नाय. तुमी कशा बोलता ते ऐकायचं होतं."

एवढ्यात ती वहीवाली सून उठली. माझ्यासमोर उभी राहून हसली. माझ्याकडे पाणी मागितलं. घर तिचंच होतं, म्हणून माझी साडी छान आहे म्हणाली. मग एका दमात, "ताई, पावसाळ्यात तुमचे पापड नरम पडतात काय?"

पडतात म्हटलं. काय करणार! नाचणीचे पापड खरोखर सुंदर होते. मी चार पाकिटं घेतली.

पाकिटं पिशवीत भरताना समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. लग्नाचा ग्रुप फोटो होता. नवरीच्या शेजारी, मोरपिशी शालूत, माझी सख्खी मावशी!

"ह्या कोण हो?" मी सुनेला विचारलं.

"ती आमची चुलत सासू. मुंबईला असते. का हो?"

"काही नाही. साडी छान आहे."

मावशीचं नुसतं नाव घेतलं असतं, तर त्या घरानं भाचीला तशीच पाठवली नसती. डबे हमखास खपले असते. मॅडमना कुठं कळणार होतं? शब्द अगदी ओठावर आला होता.

तेवढ्यात सुनीताताईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, आतापरेंत पापड घेतले ते सगळे आमचेच. पावणे, गाववाले. गरिबाच्या पोरी करतायत म्हणून घेतले. परक्या माणसानं चव बघून घेतले ते आज पयल्यांदा!"

सतराच्या सतरा बायका माझ्याकडे बघत होत्या. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी कपाळावर हात धरून मला नीट न्याहाळलं.

"बाय, तुजा तोंडवळा कुटंतरी बघितल्यासारका वाटतो. माहेर कुटलं गो तुजं?"

ती वहीवाली सून वही छातीशी धरून उभी होती.

"माहेर सातारा, सासर सांगली," मी पापडांची पिशवी खांद्याला लावत म्हटलं. "रत्नागिरीत माझं कोणी नाही हो, आजी!"