कडी लावलेलं दार

आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधले वसईचे अंकल दुबईत हॉटेलच्या किचनमध्ये आहेत, पण येशूच्या शिष्यांबद्दल बोलतात ते जणू सगळे त्यांच्याच आळीतले. "आपला पेत्र पाण्यावर चालला, मान्य. पण बुडायला लागला तेही सांगा ना!" म्हणतात आणि टाळी मागतात.

माझी नोकरी गेली तेव्हा शरमेने मी शनिवारच्या प्रार्थनेला दांडी मारली आणि इथल्याच अल मनखूल भागातल्या माझ्या खोलीत कडी लावून बसलो. बेल वाजली. बाहेर अख्खा ग्रुप, पुढे अंकल.

"शिष्यपण असेच घाबरून दार लावून बसले होते. प्रभू बंद दारातून आत आला. आम्हाला नाही जमत, हबीबी. यल्ला, चल, उघड!"

आत येताच सुरमईचा डबा उघडला. माणसं नऊ, ताटं तीन. हसता हसता मला ठसका लागला.

नोकरी अजून मिळायचीय. शनिवारी मात्र मी कडी लावत नाही.