दिलेल्या लेकीचा अर्ज

माझं माहेर शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडच्या काठावर. पलीकडच्या काठावर निजामाचं राज्य. आमच्या मुली पलीकडे देत, तिकडच्या इकडे करून आणत. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. होडीतून उतरलं की सासर. मलाही तशीच दिली.

देश स्वतंत्र झाला तो अलीकडच्या काठावर. मी तेव्हा पलीकडे होते. तिकडे रझाकारांचा त्रास वाढला तेव्हा आम्ही घर सोडून माझ्या माहेरी आलो. नवरा साखर कारखान्यावर कामाला लागला. मी आणि सासूबाई भावाकडे राहिलो आणि त्याच्या शेतात राबून खाल्लं. कोणाचे उपकार घेतले नाहीत.

मग गावात मतदारांची नावं लिहून घ्यायला तलाठी आला. वहिनीचं नाव लिहिलं. मला म्हणाला, "तुमी तिकडच्या. तुमचं हितं न्हाई बसत." ज्या अंगणात तो उभा होता त्याच अंगणात मी जन्मले होते.

मी चौथी पास होते. दुसऱ्या दिवशी बसून अर्ज लिहिला, कोणाकडून लिहून घेतला नाही. जन्म इथला, शाळा इथली, कायमची राहणार इथे, असं सरळ लिहिलं, शाळेचा दाखला जोडला आणि अर्ज शेवगावच्या कचेरीत नेऊन दिला. काही दिवसांनी भाऊ निकाल घेऊन आला. अर्ज नामंजूर. मी निजामाची रयत.

भाऊ म्हणाला, "जाऊ दे आक्का. मत देऊन काय भाकर मिळती का?"

"मग तू कशाला नाव दिलंस?" मी विचारलं.

नाकारलं म्हणजे का नाकारलं ते आधी विचारायचं, एवढं मला कळत होतं. मी कचेरीत गेले. कारकून चिडला नाही, त्याने नीट सांगितलं. अर्जात माझं सासरचं नाव होतं आणि शाळेच्या दाखल्यात माहेरचं. लग्नात नाव बदलतात हे त्यालाही ठाऊक होतं. "पण तीच मुलगी तुम्ही, हे कशावरून? नदीपलीकडून रोज माणसं येतायत. गावच्या पाटलाची साक्ष आणा."

पाटलाचा आणि भावाचा बांधावरून वाद होता. पाटील ओट्यावर बसून पान खात म्हणाला, "वळखतो की. पर दिलेली लेक ती. दिली ती गेली. मी काय लिवून देऊ?"

मी घरी येऊन भांडी आदळायला लागले. सासूबाई चुलीपुढे होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "भांड्यावर राग काडू नगं. त्यातलंच एक घे आन चल."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लग्नात मामाने तांब्याची घागर दिली होती. आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं आणि मुलीचं नाव कोरतात. घागरीच्या गळ्याशी मामाचं नाव, माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव होतं. पुढे सासरी आम्ही तिघी जावा. भांडी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून आत्याबाईंनी प्रत्येकीच्या भांड्यावर सासरचं नावही घालून घेतलं होतं. तिकडून निघताना घागरीत पीठ भरून आणलं होतं, म्हणून ती आली, नाहीतर तिकडेच राहिली असती.

घागर डोक्यावर घेऊन मी निघाले. मागे आत्याबाई. वाटेत बायका हसत होत्या. "शेवगावात पाणी सपलं का गं?"

"न्हाई, सायबाला पाजायला चाललोय," आत्याबाई म्हणाल्या.

मामलेदारांच्या टेबलावर मी घागर ठेवली. त्यांनी चष्मा सारखा केला, घागर फिरवून वाचली, शाळेचा दाखला मागवला आणि पुन्हा वाचली. म्हणाले, "बाई, ही घागर दुसऱ्या कोणाची असली तर?"

आत्याबाई पुढे झाल्या. "रावसाहेब, दुसरीची घागर कोन एवढ्या लांब डोक्यावर आनंल? सोताची आनताना मान मोडली हिची."

कचेरीतले सगळे हसले. मामलेदारही हसले. "तुम्ही कोण?"

"हिची सासू. हिचं नाव मीच बदाललंय."

कारकून म्हणाला, "साहेब, या तर निजामाच्या रयत. यांची साक्ष कशी घ्यायची?"

"मंग माझी नका घेऊ. वाचलंय ते घ्या."

मामलेदारांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. माहेरच्या नावाने नवा अर्ज द्या, दाखल्याशी जुळेल. मंजूर करतो."

सगळं सोपं झालं होतं. पण मला ते पटलं नाही. मी काही परकर नेसून परत शाळेत बसायला आले नव्हते. नदीपलीकडे दिलेली, तिथे संसार केलेली आणि तरीही इथलीच, अशी बाई म्हणून मी अर्ज केला होता.

मी म्हणाले, "नवा देणार नाही. नाकारलात तोच मंजूर करा. त्यात एक अक्षर खोटं नाही."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. मामलेदारांनी जुना अर्ज काढायला लावला. आधीचा शेरा एका रेघेने खोडला, त्याच्याखाली मंजूर लिहिलं आणि सही केली. मी ते उभ्याने वाचलं आणि मगच घागर उचलली. त्या दिवशी माझी मान जेवढी ताठ होती तेवढी लग्नातही नव्हती.

बाहेरच्या ओट्यावर आत्याबाई बसल्या. म्हणाल्या, "आता माझा लिव."

मी कागद घेतला. त्यांचा जन्म पलीकडचा, माहेर पलीकडचं, सासर पलीकडचं. काय लिहावं सुचेना. जन्माचं गाव गाळून टाकावं का, असं मी विचारलं.

"गाळू नगं," त्या म्हणाल्या. "जल्म निजामाच्या राज्यात झाला असं लिव. आन मरायचं हितं हाय, असंबी लिव."

तसंच लिहिलं. त्यांचाही अर्ज आधी नाकारला. आम्ही पुन्हा गेलो.