यमुनेची ओटी

मयूर विहारात घर, ऑफिस नदीच्या पलीकडे, आठवड्याचे पाच दिवस, जाऊन-येऊन. इतक्या वर्षांत मी यमुना किती वेळा ओलांडली असेल याचा एकदा मेट्रोत उभ्या उभ्या हिशेब केला, तर आकडा हजारांत गेला. पण ती सगळी खिडकीतून पाहिलेली यमुना, आणि तीही बसायला जागा मिळाली नाही त्या दिवशी पाहिलेली. जागा मिळाली की मी डोळे मिटतो. पाण्यावर बसून दिल्ली कशी दिसते, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. ते कळलं लेकीच्या लग्नामुळे. खरं सांगायचं तर लग्न अडलं होतं म्हणून.

मुलगा सांगलीचा. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीत आला, मुनिरक्यातल्या एका खिडकी नसलेल्या खोलीत काही वर्षं काढली, परीक्षा दिल्या, आणि शेवटी गुरुग्रामला नोकरीला लागला. माझ्या लेकीची आणि त्याची ओळख सरोजिनी नगरच्या गणपतीत झाली. दोघांनी आपसात ठरवलं, आम्ही हो म्हटलं, त्याच्या वडिलांनीही फोनवर हो म्हटलं. राहिल्या त्याच्या आई. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. "एकदा दिल्लीला येऊन बघते," इतकंच म्हणाल्या होत्या. त्यांनी एक वाक्य मुलाला सांगितलं होतं आणि मुलाने ते लेकीला सांगितलं होतं: "दिल्लीनं तुला कलेक्टरही केलं नाही आणि मला परतही दिलं नाही. आता सूनही तिथलीच?"

जानेवारीत मुलाचे आई-वडील आले. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात ओळखीने खोली मिळाली होती. पहिल्या संध्याकाळी मी त्यांना मंडी हाऊसहून मेट्रोने घरी घेऊन आलो. गाडी पुलावर आली तेव्हा मी म्हटलं, "ही यमुना."

मुलाच्या आई वाकून बघेपर्यंत पूल संपला.

"ती होय? मला वाटलं, कुणाच्या तरी शेतात पाणी साठलंय."

घरी चहा झाला, पोहे झाले. लेक पोह्यांची बशी द्यायला गेली तेव्हा त्यांनी तिला स्वयंपाक, पगार, पत्रिका यांतलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तुला पोहता येतं का. लेक म्हणाली, "नाही काकू, इथे कुठे?" त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते आम्हाला कळलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून एक पितळी डबा काढून दाखवला. आत तांदूळ, खण, नारळ, सुपारी आणि सांगलीची हळकुंडं.

"यमुनेची ओटी भरणार आहे. आमच्याकडं नवीन नदीच्या गावाला गेलं की भरतात. पण तुमच्या गावात नदीला हात लावायला जायचं कुठं? इथं सगळे पुलावरूनच जातात बघा. ज्या गावाला नदी माहीत नाही तिथं माझा जीव रमत नाही."

त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "तू कुठं रमायचीस इथं? रमायचंय त्या दोघांना."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या, आणि डबा पिशवीत गेला.

परतीची गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. म्हणजे उत्तर द्यायचं असेल तर त्याआधी, किंवा सांगलीहून फोनवर. फोनवरची उत्तरं बहुधा कशी असतात ते आम्हाला ठाऊक होतं. रात्री लेकीने जेवताना पोळीचे तुकडे केले आणि खाल्ले नाहीत. मी म्हटलं, "मी त्यांना नदी दाखवतो."

बायको म्हणाली, "कुठली?"

"आपलीच."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी एकटाच काश्मिरी गेटजवळच्या घाटावर पाहणी करायला गेलो. हिवाळ्यात तिथे पहाटे होड्या निघतात एवढं वर्तमानपत्रात वाचलं होतं. गेलो आणि पायऱ्यांवर थांबलोच. पाण्यावर धुकं, आणि धुक्यात पांढरे पक्षी. थवा म्हणावा तर तो शब्द अपुरा पडेल. मोजायला लागलो आणि सोडून दिलं. मी सहसा मोजणं सोडत नाही. एक नावाडी निवडला, माझ्याच वयाचा, लाल मफलरवाला. होडी वाकून तपासली. तळाला पाणी नव्हतं. आख्खी होडी आमच्यासाठी, दुसरे प्रवासी नाहीत, लोखंडी पुलापर्यंत जाऊन परत, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, असं ठरवलं. तिथेच एक पाटी दिसली: नदीत पूजेचं साहित्य टाकायला मनाई आहे. पाटीखालीच झेंडूच्या माळा तरंगत होत्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "नारळ टाकता येणार नाही."

"मग ते तुम्ही सांगा त्यांना. मी नाही सांगणार."

"नियम आहे."

"हो ना. मग नियमालाच सांगा, तुमच्या लेकीची सासू हो म्हणून."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा जण घाटावर होतो. मुलाच्या आईंनी हिरवी इरकली नेसली होती, वर शाल, त्यावर नावाड्याने दिलेलं नारिंगी जॅकेट. "कृष्णेत पोहायला शिकलेली बाई मी," त्या म्हणाल्या, "आणि हे घालून ओटी भरू?" पण घातलं. मला पोहता येत नाही, म्हणून मी माझ्या जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून पाहिले.

आता बसवायचं कसं? होडी अरुंद होती. दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं. माझं मला माहीत होतं, बायकोचं, लेकीचं माहीत होतं, मुलाचं विचारून घेतलं. बायको माझ्या कानाशी आली.

"काय पुटपुटताय?"

"त्यांचं वजन किती असेल?"

"विचारा की जाऊन. लग्न मोडायला तेवढं पुरेल."

मग अंदाजाने केलं. एका बाजूला मी, मुलगा आणि मुलाचे वडील. दुसऱ्या बाजूला बायको, आणि तिच्यापुढे नावेच्या टोकाशी मुलाच्या आई. लेकीला मधल्या फळीवर, खाली. लेकीला शेजारी का नाही बसवलं, असं बायकोने डोळ्यांनी विचारलं. मी हाताने तराजूची खूण केली. मुलाच्या आईंनी ती पाहिली.

"मला मापात बसवलंय होय, भाऊ?"

 त्यांचे यजमान हसले, ते आल्यापासून पहिल्यांदाच.

नावाड्याने वल्हं टाकलं आणि घाट मागे सरकला. वास आला. काळं पाणी असं की वल्ह्याचं टोक आत गेलं की दिसेनासं होई.  आणि मग नावाड्याने तोंडाशी हात नेऊन "आओ, आओ, आओ" अशी लांब हाळी दिली आणि शेवेचा पुडा फोडला.

ते पक्षी एकदम आले. डोक्यावरून, कानाजवळून, हातातली शेव हवेतच टिपून. पंखांचा वारा गालाला लागत होता. बायकोने शाल डोक्यावर घेतली. मुलगा आणि लेक शेव उधळत हसत होते. आणि मुलाच्या आई हात वर करून, तोंड उघडं ठेवून बघत होत्या. एका पक्ष्याने त्यांच्या बोटांतून शेव नेली.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे कुठून येतात हो?"

"माताजी, साइबेरिया से," नावाडी म्हणाला. "हर साल. पासपोर्ट नहीं लगता."

"आणि ह्या पाण्यावर उतरतात?"

"उतरतात," मी म्हटलं. मला अचानक दिल्लीचा फार अभिमान वाटायला लागला होता, जणू ते पक्षी मीच बोलावले होते. मी बोट दाखवत सुटलो. हा रस्त्याचा पूल, हा मेट्रोचा, ती पलीकडे धुक्यात भिंत आहे ती सलीमगडची असावी. सूर्य वर आला तो लाल, बिनतेजाचा, नुसत्या डोळ्यांनी बघता येईल असा. काठावर कुणी व्यायाम करत होतं, कुणी घोंगडीत बसून चहा पीत होतं, एक नवरा-नवरी फोटो काढून घेत होते आणि नवरी थंडीने कुडकुडत होती. ज्या शहराची मला फक्त पुढची दारं माहीत होती, त्याचं परसदार मला दिसत होतं. मी सांगलीच्या पाहुण्यांना नदी दाखवायला निघालो होतो, आणि माझीच मान वळून वळून दुखायला लागली.

मग उजव्या हाताला धूर दिसला. निगमबोध घाट. एवढी पाहणी केली, आणि मुलगी पसंत करायला आलेल्या माणसांना मी स्मशानासमोरून नेतोय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

मुलाच्या आईंनी हात जोडले. "आमच्याकडंही असंच आहे," त्या म्हणाल्या. "इकडं आम्ही धुणं धुतो, तिकडं हे. नदी म्हटली की सगळं आलंच."

मी श्वास सोडला.

लोखंडी पूल जवळ आला. वरून आगगाडी चालली होती, तिचा आवाज पाण्यातून होडीच्या फळ्यांत आला. नावाड्याने वल्ही थांबवली. मुलाच्या आईंनी जॅकेटच्या आडून पितळी डबा काढला, झाकण मांडीवर ठेवलं, आणि नारळ आणि खण हातात घेऊन उभ्या राहिल्या.

मला बोलायलाच हवं होतं.

"ताई," मी म्हटलं, "इथे पाण्यात काही टाकायला मनाई आहे. पाटी आहे घाटावर."

"काय?"

"बाबूजी, सब डालते हैं," नावाडी म्हणाला.

"म्हणूनच ती अशी झालीय," मी म्हटलं.

"सांगलीपासून आणलंय मी हे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "आता ह्याचं काय करू? परत नेऊ? ओटी कधी कुणी परत नेलीय?"

नीट समजावून सांगावं म्हणून मीही उभा राहिलो. आणि मीच बसवलेलं सगळं माप मीच मोडलं. होडी हलली. बायको ओरडली, मुलाने माझं जॅकेट मागून पकडलं, मुलाच्या आई एका हाताने कड शोधत पुढे झुकल्या, आणि दुसऱ्या हातातला नारळ सुटायला लागला.

लेक त्यांच्या पायाशीच होती. तिने ओढणीची दोन टोकं धरून झोळीसारखी पुढे पसरली.

"काकू, इकडे द्या. सगळं द्या. तुम्ही आधी होडी धरा."

होडी स्थिर झाली. मी बसलो.  माझ्या बायकोचा हात तोंडावर गेला होता. होणाऱ्या सासूसमोर मुलगी पदर पसरून गुडघ्यांवर बसली होती, वर बघत, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. नारळ पडू नये, एवढंच तिच्या मनात होतं. ओटी हा शब्द तिने आमच्या घरात ऐकला असेल, पण ती कशी मागतात आणि कशी घेतात हे आम्ही तिला कधी दाखवलंच नव्हतं.

मुलाच्या आई तिच्याकडे बघत राहिल्या.

"काय करतीयस माहीत आहे का तुला?"

"नारळ पडला असता ना."

"नारळ पडला असता," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "काय रे, हिला तू काही शिकवून आणलं नाहीस ना?"

"आई, मलाच कळलं नाही काय झालं ते."

त्यांनी यजमानांना विचारलं, "यमुनेचं म्हणून आणलेलं हिला दिलं तर चालेल काय हो?"

यजमानांनी थोडा विचार केला. "चालेल की. जन्मली इथंच, ह्याच पाण्यावर वाढली. तिचीच म्हणायची."

त्या खाली बसल्या, लेकीच्या समोर, फळीवर. कुंकवाची डबी माझ्या बायकोने काढून दिली. ती पर्समध्ये असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी लेकीला कुंकू लावलं. ओढणीत नारळ ठेवला, खण ठेवला, हळकुंडं, सुपारी. मग ओंजळीने तांदूळ, एकदा, दोनदा, पुन्हा. लेक आता काय चाललंय ते ओळखून लाल झाली होती, आणि तिने ओढणीची टोकं आणखी घट्ट धरली. बायको रडत होती. नावाडी म्हणाला, "अच्छा, गोद भर रही हैं माताजी," आणि कुणी न सांगता त्याने पुन्हा पक्ष्यांना हाळी दिली.

तिसऱ्या ओंजळीतले थोडे तांदूळ कडेवरून पाण्यात पडले. मी पाहिलं. मुलाच्या आईंनी मी पाहिलेलं पाहिलं. मी लोखंडी पुलाकडे बघायला लागलो.

"आता हिच्या शेजारी बसू का," त्या मला म्हणाल्या, "का अजून तुमचं माप आहे?"

"बसा," मी म्हटलं.

त्यांनी लेकीला उठवून आपल्या बाजूला ओढून घेतलं, आणि बायकोही सरकून त्यांना चिकटली. होडी त्या बाजूला चांगलीच कलली. नावाडी माझ्याकडे बघून हसला. मी आणि मुलाचे वडील, दोघेही कडेला जितकं बाहेर झुकता येईल तितकं झुकून बसलो, आणि घाट येईपर्यंत तसेच राहिलो.