बी बोक्याचा, पी पतंगाचा

तिचं खरं नाव हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं. बाकी अख्ख्या विद्यापीठाची ती हॅलोताई. एके काळी टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, भोकाभोकांच्या फळीत वायरी खुपसत तिनं उमेदीची वर्षं काढली. "हॅलो, विद्यापीठ!" ती असं काही म्हणायची, की पलीकडचा माणूस आधी सावरून बसायचा आणि मग बोलायचा. पुढं जो तो खिशात फोन घालून फिरायला लागला, फळी भंगारात गेली आणि हॅलोताईला उचलून कॉम्प्युटर विभागाच्या मदत कक्षात आणून बसवलं. काम तेच, फोन वाजला की उचलायचा. फक्त पूर्वी लोक विचारायचे, "ताई, जरा रसायनशास्त्र जोडून देता?" आणि आता विचारायचे, "ताई, माझा पासवर्ड काय हो?"

"अहो, तुमचा पासवर्ड मला कसा ठाऊक असेल?"

"म्हणजे? तुम्हाला तर सगळंच ठाऊक असतं!"

हे ऐकलं की ती वरवर चिडायची आणि आतून फुलायची. मग कॉम्प्युटरकडून एक तात्पुरता पासवर्ड काढून घ्यायची आणि फोनवर वाचून दाखवायची. आत शिरलात की आधी तो बदला, ही ताकीद वर. आता बी, पी, डी, टी ही फोनवर सगळी एकाच आईची लेकरं. ओळखायची कशी? त्यावर तिनं स्वतःची बाराखडी बनवली होती. "लिहून घ्या. मोठा बी बोक्याचा, छोटा पी पतंगाचा, मग सात, मोठा डी डब्याचा, छोटा टी टमरेलाचा." मोठमोठे प्राध्यापक शहाण्या मुलांसारखे म्हणायचे, "टी टमरेलाचा." एका विभागप्रमुखांना म्हणे टमरेल उच्चारायची लाज वाटली आणि त्यांनी 'टी टेबलाचा' म्हटलं, तर बाई अडूनच बसल्या. "टेबल नाही. टमरेल म्हणा. फोनवर टेबलाचं केबल होतं कधी कधी."

दर महिन्याला चहाच्या वेळी ती कर्मचाऱ्यांची शिकवणीही घ्यायची. तिची साहेबीण वयानं तिच्या लेकीएवढी. सगळे तिला मॅडम म्हणत. पडद्यावर तक्ते दाखवायचं काम मॅडमचं आणि बोलायचं काम हॅलोताईचं.

"मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल टाकलंत, तर तुम्ही पासवर्ड नाही, दारावरची पाटी लिहिलीत. चार शब्द घ्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. आणि सगळीकडं एकच पासवर्ड वापरू नका हो! एकाच किल्लीनं घर, कपाट आणि ऑफिस उघडायला लागलं, तर चोराला हमाली तरी किती कमी!"

"लक्षात कसं ठेवायचं, ताई?"

"मॅडम एक तिजोरीवालं ॲप देतात, ते ठेवतं लक्षात. पण कीबोर्डखाली चिठ्ठी नको. पायपुसण्याखालची किल्ली चोर सगळ्यात आधी बघतो. जागेवरून उठलात की स्क्रीनला कुलूप. आणि फोनवर जो आकडा येतो ना, ते तुमचं दुसरं कुलूप. तो कुणालाच सांगायचा नाही. मलासुद्धा नाही. मी मागितला, तर समजा की मी मी नाही!"

सगळे हसायचे. रसायनशास्त्राची सेक्रेटरी तेवढी हसायची नाही. ती उतरवून घ्यायची.

शिकवणीतला मोठा नियम मॅडमनी मदत कक्षाच्या भिंतीवर लाल अक्षरांत लावला होता. कुणी फोनवर पासवर्ड मागितला, तर नाव विचारा, फोन ठेवा आणि विभागाच्या नोंदलेल्या नंबरवर आपण फोन करा. आवाजावर जाऊ नका. हॅलोताई हा नियम सगळ्यांना शिकवायची आणि स्वतः मात्र नवख्यांपुरता पाळायची. ओळखीचा आवाज असला, की तिला त्या पाटीचा अपमान वाटायचा. तीस-चाळीस विभागांचे खोकलेसुद्धा ओळखणारा कान तिचा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते काही उगाच नाही.

आणि तो कान आता दगा देत होता.

हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, असं तिला वाटायचं. आधी स आणि फ गेले. मग शब्दांच्या शेपट्या गेल्या. माणसं बोलायची आणि तिला वाक्य ऐकू यायचं ते उंदरांनी कुरतडलेल्या कागदासारखं. मधली भोकं ती अंदाजानं भरायची. लोक पासवर्ड परत म्हणून दाखवायचे, तेव्हा ती ठसक्यात म्हणायची, "बरोबर, बरोबर." मग त्यांचं खातं चुकीच्या पासवर्डनं अडकायचं आणि ते स्वतःच्याच बोटांना दोष देऊन परत फोन करायचे. सांगायचं कुणाला? मदत कक्ष म्हणजे फोन, आणि फोन म्हणजे कान. कान गेला म्हटलं की फोन जाणार. मग हॅलोताईतला हॅलो गेला, तर उरलं काय? कोपऱ्यातल्या टेबलावर बसून कागदांना टाचण्या मारायच्या?

घरी नवरा टेलर. मशीनवर मान खाली घालून तो विचारायचा, "टीव्ही आपल्यासाठी लावलायस की चौकासाठी?"

"तुमच्या मशीनच्या खडखडाटात काही कळतं का!"

"मशीन कधीचं बंद आहे, बाई."

त्या मंगळवारी सकाळपासून तिचं चार वेळा 'काय म्हणालात?' म्हणून झालं होतं. चौथ्या वेळी मॅडमनी पडद्यावरून मान वर केली. जेवणानंतर फोन वाजला. पलीकडं घोगरा, नाकात अडकलेला आवाज आणि मागं वाहनांचा गलका. पहिलं वाक्य अख्खं निसटलं. दुसऱ्यातून 'पासवर्ड' एवढं हाती लागलं. पाचव्यांदा काय म्हणालात म्हणायचं? मॅडम समोरच. तिनं भोक भरलं.

"कोण, भूगोलवाले सर का?"

मग आवाज म्हणाला, "हो हो. तोच."

"आवाज बसलाय वाटतं?"

"हो ना, सर्दी."

"गरम पाण्याच्या गुळण्या करा हो. आणि तुम्ही ते दुसरं कुलूप अजून लावलेलं नाही, सर. किती वेळा सांगितलं?"

"उद्या लावतो."

हे तर अगदी सरांचंच वाक्य! गेलं वर्षभर ते हेच म्हणत होते. तिचा उरलासुरला संशयही फिटला. बोका, पतंग, डबा, टमरेल सगळे रांगेनं गेले. पलीकडच्यानं परत म्हणून दाखवलं. "बरोबर, बरोबर," ती म्हणाली.

ती चहा पिऊन आली, तर दारात भूगोलवाले सर उभे. उंच माणूस, गाल टम्म फुगलेला, डोळ्यांत पाणी.

"सर! अहो, बरं नाही तर आलात कशाला? झालं ना काम?"

"म्म्ह," सर म्हणाले आणि तोंड उघडून बोट दाखवलं. आत कापसाचा बोळा.

"दात काढला?" मॅडम उठल्या. "कधी?"

सरांनी टेबलावरचा पाठकोरा कागद ओढला आणि लिहिलं: 'सकाळी. तेव्हापासून एक शब्द बोललेलो नाही. बायको खूश आहे.' मग खाली: 'पासवर्ड बदलल्याचा निरोप आला. मी बदललेला नाही.'

हॅलोताईच्या हातातली कपबशी किणकिणायला लागली आणि ते किणकिणणं तिला ऐकू येत नव्हतं, नुसतं बोटांना कळत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मघाशी मी यांना... यांच्या नावानं..."

मॅडमनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. खुर्ची ओढली आणि आधी सरांचं खातं बंद केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सरांच्या नावानं सगळ्या विभागांना मेल गेली होती: आज संध्याकाळी सर्वांची खाती बंद होणार, चालू ठेवायची असतील तर खालच्या लिंकवर आपला पासवर्ड टाका.

"आता मेल पाठवून 'मेलवर विश्वास ठेवू नका' कसं सांगणार?" मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"फोन करू," हॅलोताई म्हणाली.

एक्स्चेंजमधले नंबर तिच्या बोटांत होते. डावीकडून उजव्या कानावर रिसीव्हर घेऊन, तळव्यानं घट्ट दाबून, ती एकेका विभागाला सांगत सुटली. "सरांच्या नावानं आलेल्या मेलमधल्या लिंकला हात लावू नका. कुणी पासवर्ड टाकला असेल, तर लाजू नका, आत्ताच्या आत्ता बदला आणि आम्हाला सांगा." ऐकणं कमी, बोलणं जास्त, म्हणून निभावलं. इतिहासानं "हो" म्हटलं, ग्रंथालयानं "अरे बापरे" म्हटलं. रसायनशास्त्राच्या सेक्रेटरीनं मात्र काहीतरी तोडून टाकणारं म्हटलं आणि फोनच ठेवला.

"हिला काय झालं?" हॅलोताई बघतच राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"मदत कक्ष? कोण बोलतंय?" सेक्रेटरीचा आवाज ठणठणीत, शब्द न् शब्द सुटा. "हॅलोताई? आता बोला. मघाशी तुमचा आवाज होता, पण तुम्हीच सांगितलंय ना, आवाजावर जायचं नाही, आपण फोन फिरवायचा. राग नाही ना आला?"

"नाही गं बाई," हॅलोताई म्हणाली. "राग कसला!"

दोघांनी लिंकवर पासवर्ड टाकला होता. ते धावत आले, पासवर्ड बदलून गेले. चोराच्या हाती फार काही लागलं नाही. खोली शांत झाली तशा मॅडम पाण्याची बाटली घेऊन तिच्यासमोर बसल्या.

"ताई, मला वर लिहून द्यावं लागेल. आवाज इतका सारखा होता?"

दार आयतं उघडलं होतं. नुसतं 'हुबेहूब' म्हणायचं की सुटका. शब्द अगदी ओठांवर आला. इतक्यात भूगोलवाल्या सरांनी कागद तिच्याकडं सरकवला. ते मघापासून तिला रिसीव्हर या कानाचा त्या कानावर घेताना बघत होते. कागदावर लिहिलं होतं: 'कोणता?'

तिनं वर पाहिलं. सरांनी स्वतःच्या डाव्या कानावर टिचकी मारली आणि लिहिलं: 'माझा हा. वर्गात मी कायम भिंतीला टेकून उभा असतो, पोरांना वाटतं ऐट आहे.'

एवढ्या वर्षांत फोनवर त्यांचा आवाज तिनं हजारदा ऐकला असेल, पण त्यांना ऐकू किती येतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिनं कागद उलटा ठेवला.

"मॅडम, आवाज सारखा नव्हता," ती म्हणाली. "मला तो आवाज नीट ऐकूच आला नाही. त्यानं नाव सांगितलं की नाही तेही कळलं नाही, मीच पुरवलं. मला बरेच दिवस कमी ऐकू येतंय."

मॅडमचा चेहरा कडक झाला. "आणि हे आज सांगताय?"

"सांगितलं असतं, तर फोन काढून घेतला असता."

"कुणी सांगितलं असं?"

"कुणी नाही. तेही भोक मीच भरलं."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. "रिपोर्टात तुमची चूक लिहिणार. पण फोनवर पासवर्ड वाचून दाखवायची पद्धत आपणच चालू ठेवली होती, तेही लिहिणार. उद्यापासून ती बंद. ओळखपत्र घेऊन यायचं आणि पासवर्ड इथं बसून बदलायचा. फोनवर फक्त प्रश्न."

"आणि बोका?"

"बोका रिटायर. पतंगसुद्धा." मग मॅडम तिच्या उजव्या बाजूला येऊन, मोठ्यानं आणि सावकाश म्हणाल्या, "फोन तुमच्याकडंच राहणार, ताई. ऐकू आलं नाही तर 'परत बोला' म्हणायचं, दहादा म्हणायचं. आणि या आठवड्यात कान तपासून यायचा. जाल ना?"

घरी आल्या आल्या तिनं मशीनसमोर उभं राहून सांगितलं, "अहो, मला कमी ऐकू येतं."

"मग ओरडतेस कशाला? मला नीट येतं," नवरा दोरा ओवत म्हणाला. "ठाऊक आहे मला. जेवायला मी तुझ्या उजवीकडं बसायला लागलो, ते काय वारा येतो म्हणून?"

ती स्टुलावर बसली आणि पदरात तोंड खुपसून आधी रडली, मग हसली. "मग बोलला का नाहीत?"

"दोनदा बोललो. तुला ऐकू आलं नाही."

तपासणीची खोली लहान, भिंतींना गाद्या लावलेल्या. काचेपलीकडं तपासणारी मुलगी यंत्रापाशी बसली होती. तिनं हॅलोताईच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात एक बटण दिलं आणि तोंडासमोर येऊन म्हणाली, "आवाज आला की दाबायचं, आजी. अंदाजानं नाही हं."

पहिला आवाज आला. तिनं दाबलं. दुसरा आला, बारीक. दाबलं. तिसरा सुईच्या टोकाएवढा, तरी दाबलं. मग शांतता. आता येणारच, तिच्या हिशोबानं एव्हाना यायलाच हवा. अंगठा बटणावर शिवशिवायला लागला. काचेपलीकडं मुलगी खाली मान घालून यंत्राची चकती फिरवत होती, म्हणजे तिकडून काहीतरी येत असणार.

हॅलोताईनं डोळे मिटले आणि मनापासून कान दिला. काही ऐकू आलं नाही. तिनं अंगठा उचलून घेतला.