शबानाताईच्या कोटाची पौर्णिमा

सकाळी माझ्या हुकवर माझा कोट नव्हता. दुसऱ्या कुणी इकडेतिकडे शोधलं असतं. मला वाटलं, नोकरी गेली. लॉकरमधला डबासुद्धा काढून बॅगेत भरला मी.

इथे आखातात, अल रय्यानमधल्या आमच्या लॅबमध्ये किस्से असेच साठतात. निम्मे माझ्या दचकण्यामुळे, निम्मे लीयामुळे. त्या दिवशी दोघींचा हात लागला, म्हणून एकाच दिवसात एवढे झाले.

*

लीया अलिबागकडची, आमच्या लॅबमधली एकुलती एक ज्यू. मराठी माझ्याहून फर्डं. ती माझाच कोट घालून समोर उभी होती.

"आज 'तू-बआव' आहे, आमच्या आव महिन्यातली पौर्णिमा," ती म्हणाली. "आमचा प्रेमाचा सण. छोटासाच, सुट्टीबिट्टी नाही. पूर्वी जेरुसलेमच्या पोरी पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यात नाचायच्या. पण स्वतःचे नाही हां, एकमेकींचे मागून आणलेले. जिच्याकडे धड कपडा नाही तिला खाली बघायला लागू नये म्हणून. आणि मुलांना आधी हाक पोरीच मारायच्या."

"अगं, पण माझा कोट?"

"इथे द्राक्षमळे कुठून आणू? लाँड्रीतून धुतलेले पांढरे कोट आले, तेवढे बदलले. तुझ्या वाट्याला शबानाताईचा आलाय."

*

शबानाताई रत्नागिरीची. ब्लड कलेक्शनला बसते. तिचा आवाज ऐकून पेशंट सुईला घाबरायचं विसरतात. तिचा कोट मला गुडघ्याखाली आला, आणि खिशावर तिचं नाव. तिला मिळाला होता लीयाचा.

"अगो लीया," ती बटणांशी झगडत म्हणाली, "हा कोट आहे की रुमाल?"

तेवढ्यात मॅनेजर आले. इजिप्तचे, शिस्तीचे. तीन खिशांवरची चुकीची नावं त्यांनी वाचली.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

लीया एरवी कुणाला ऐकत नाही, पण त्या क्षणी जरा थांबली. मग सरळ सांगून टाकलं. सण कुणाचा, तेही सांगितलं.

मॅनेजरांनी शबानाताईची न लागणारी बटणं पाहिली. त्यांनी स्वतःचा कोट काढला, शबानाताईच्या हातात दिला आणि लीयाचा आपण चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या.

"खलास," ते म्हणाले. "यल्ला, आता कामाला लागा."

दिवसभर ते तसेच फिरले. दुपारची मीटिंगसुद्धा तशीच घेतली.

*

अकराच्या सुमारास मंदार आला. मशीनच्या सर्व्हिसिंगला येतो, कोल्हापूरचा. तो आला की मी कोल्ड रूममध्ये जाते. वर्षभर हेच. लॅबमध्ये सगळ्यांना वाटतं, मला थंडी आवडते.

त्या दिवशी पळायला जमलं नाही, कोट दाराच्या हँडलला अडकला.

मंदारने खिशावरचं नाव वाचलं. "आज तुम्ही शबाना का?"

हातातला ट्यूबांचा स्टँड सुटला. रिकामा होता, नशीब. त्यानेच खाली वाकून उचलून दिला.

"उद्या गावी चाललोय," तो म्हणाला. "घरच्यांनी एक मुलगी बघून ठेवलीय."

एवढं बोलून तो थांबला, आणि थांबलाच. मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हॅपी जर्नी."

तो गेल्यावर कलेक्शनच्या खिडकीतून आवाज आला, "माझा कोट घालून 'हॅपी जर्नी' म्हणतेस? त्या कोटाची तरी अब्रू राख गो."

*

मग मी दिवसभर मंदारला मेसेज लिहिले आणि पुसले. 'तुम्ही जाऊ नका' फार वाटलं. 'जा, पण' अर्धवट वाटलं. शिफ्ट संपता संपता मला शब्द सापडले आणि फोनची बॅटरी संपली.

लीयाने आम्हाला गाडीत कोंबलं आणि समैस्माच्या किनाऱ्यावर नेलं. चंद्र वर येत होता. ती वाळूत गिरक्या घ्यायला लागली. शबानाताईने मॅनेजरच्या कोटात ताल धरला. मी टाळ्या वाजवत होते, कुणी बघतंय का ते बघत.

बघत होतं. पांढऱ्या कोटातल्या तीन बायका पाण्याजवळ पाहून एका काकूंनी गाडी थांबवली. घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "कौन डूबा?"

शबानाताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "अभी कोई नहीं. ये डूबनेवाली है."

*

काकू गेल्या, आणि माझा खिसा थरथरला. मी किंचाळले. शबानाताईचा फोन होता. गाडीत सवयीने तिने तो स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला होता, आणि त्या कोटात मी होते.

"बघतेस काय?" तिने फोन अनलॉक करून परत माझ्या हातात दिला. "'मंदार मशीनवाला' काढ."

"उद्या सकाळी करते."

"सकाळी तो एअरपोर्टवर असेल."

"आधी हाक कोण मारतं?" लीयाने गिरकी न थांबवता विचारलं.

मी कॉल लावला. रिंग वाजून वाजून बंद पडली. मी फोन परत द्यायला गेले, तर शबानाताईने दोन्ही हात मॅनेजरच्या खिशात घातले.

पुन्हा लावला. मनात वाक्य घोकत होते, कोटाची बाही मुठीत घट्ट धरून. रिंग वाजत राहिली. मग ती थांबली, आणि मी तोंड उघडायच्या आत पलीकडून मंदार घाईघाईने म्हणाला,

"शबानाताई, काय म्हणाली ती? तिकीट अजून होल्डवरच ठेवलंय हो मी."