कोरड्या राज्यातला नावाडी

समोरच्यांना काय खेळायचंय हे मी विचारलं नाही, माझ्या वहीत काय आहे हेही सांगितलं नाही, आणि खेळ मात्र सुरू केला.

पुण्याहून मी एवढीच एक विद्या घेऊन आलो होतो. एकजण सूत्रधार, तो गोष्ट सांगणार. बाकीचे गोष्टीतली माणसं होणार, आपण काय करतो ते बोलणार. अडलं की फासा टाकायचा. शिरूर कासारकडच्या आमच्या गावात दूध संस्थेचं ऑफिस तेव्हा ओसच असायचं. जनावरं चारा छावणीत, दुधाचे कॅन पालथे. तिथं दुपारी संस्थेचे सेक्रेटरी, किराणा दुकानदार आणि माझा एक वर्गमित्र असे तिघे बसले. मित्राची टोळी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होती.

"काहीबी होता येतं का?" मित्रानं विचारलं.

"काहीबी!" मी ऐटीत म्हणालो.

"मग मी नावाडी. उद्यापासून कोयता हायच. जायच्या आदी एकदा नाव चालवू दे."

मी मान डोलावली. वहीत मात्र आठ दिवस खपून रचलेलं दुष्काळी राज्य होतं. विहिरी आटलेल्या, नदीत नुसती वाळू. आपल्याकडची गोष्ट म्हणून मंडळी खूश होतील, असा माझा होरा! सेक्रेटरी प्रधान झाले, दुकानदार सरदार, आणि नावाडी नाव डोक्यावर घेऊन वाळूतून चालायला लागला.

"म्होरल्या वळणाला पाणी हाय का?"

"नाही."

"त्याच्या म्होरं?"

"नाही."

तासभर हेच. शेवटी सेक्रेटरींनी संस्थेतली सवय बाहेर काढली. "ठराव घ्या. नदीला पाणी आलंय. सूचक मी."

"अनुमोदक मी," दुकानदार म्हणाले.

"मंजूर!" म्हणत मित्रानं हवेत वल्हं उचललंसुद्धा.

"थांबा, थांबा. इथं ठराव चालत नाही. सूत्रधार म्हणेल ते अंतिम."

"हे कवा ठरलं?" सेक्रेटरी खवळले. "पोटनियम न वाचता सभा भरवली कामून?"

मी फाशाच्या आड लपलो. "सहा पडला तर पाणी."

मित्रानं फासा दोन्ही हातांत खळखळवला, कपाळाला लावला आणि टाकला. दोन.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं 'आलं पाणी' म्हटलं असतं तरी नदी वाहिली असती. पण नियम मोडायचा कसा, या विचारात मी तसाच बसलो. "सामान बांधायचंय," म्हणून तो उठला.

सकाळी मी धावत गेलो. ट्रॅक्टर सुरू झाला होता. भांडी, कोंबड्या, बाजेचे पाय, आणि या सगळ्यावर बायकोशेजारी तो.

"अरे, नदीला पाणी सोडलं!" मी ओरडलो.

"कवा?"

"आत्ताच! चालव नाव!"

ट्रॅक्टर हलला. मी वही हातात घेऊन मागं पळत होतो. तो वरून वाकून म्हणाला, "आठ दिवस बसून दुष्काळ लिवलास व्हय रं? आमच्या दारात यायचं, आयता हुता."