फळ्यावरचं इंटरनेट

ठाकुर्लीच्या आमच्या शाळेत भूगोलाच्या एक बाई होत्या. सुट्टीत डोंबिवलीला क्लास लावून त्या इंटरनेट शिकून आल्या. शाळेत कॉम्प्युटर नव्हता, म्हणून फळ्यावर खडूने स्क्रीन काढायच्या. त्याआधी चपला काढायच्या, कारण क्लासात तशी पद्धत होती. मुलंही अनवाणी येऊन खडूच्या बटणावर बोट ठेवायची. "हळू रे, बिघडेल!" बाई ओरडायच्या. मला, नवख्या शिक्षिकेला, हसू यायचं.

पुढे कॉम्प्युटर आला. "फोनची लाईन आली की वर्गात नेऊ," म्हणत हेडसरांनी तो ऑफिसात झाकून ठेवला. लाईन आलीच नाही.

निवृत्तीच्या दिवशी बाई चपला काढून ऑफिसात गेल्या. कव्हर उचलून पदराने काच पुसली.

"चालू करू, बाई?" मी विचारलं.

"नको गं. आधी पोरांचा हात लागू दे."

त्यांनी नीट ओढलेलं ते कव्हर पुन्हा निघालं, ते भंगारवाला आला तेव्हाच.